जंत जिवंत की मेलेला? फीटच्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन करताना आणि वाचताना

ठाण्यात संध्याकाळी सहानंतर स्कॅन सेंटरवर जे कागद येतात, त्यांतले काही अगदी सारखे असतात : वय बावीस, पहिलीच फीट, सीटी ब्रेन. बाकी कागद कोरा असतो. नव्याने रुजू झालेला निवासी डॉक्टर किंवा टेक्निशियन तो कागद घेऊन पडद्यासमोर बसतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "सर, गाठ आहे का?" हा प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीने मेंदूत ठाण मांडल्यामुळे होणारा आजार, आपल्याकडे फीटच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. त्यात गाठीच्या असण्यापेक्षा ती अळी आज कोणत्या अवस्थेत आहे, जिवंत आहे, मरते आहे की मरून तिचा खडा झाला आहे, यावर उपचार ठरतो. हे सांगू शकणारे साधन आपल्या हातात आहे, म्हणून स्कॅन करण्यापासून तो वाचण्यापर्यंतचा क्रम नव्यांसाठी येथे लिहीत आहे.

आधी जंताविषयी थोडे

कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून अळ्या पोटात गेल्या, तर आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. तो आजार आतड्याचा, आणि बहुतेकदा त्याचा फारसा त्रासही होत नाही. अशा माणसाच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांवाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे दुसऱ्याच्या अथवा त्याच माणसाच्या तोंडात गेली, की आतड्यात फुटून रक्तावाटे स्नायू, डोळा आणि मेंदू येथे पोहोचतात. म्हणजे मेंदूतला आजार अंड्यांमुळे होतो, मांसामुळे नव्हे. तो शाकाहारी माणसाला तितक्याच सहज होतो.

हे रुग्णाला सांगण्याचे काम आपलेच, आणि रिपोर्ट हातात देण्याआधीच सांगण्याचे. नौपाड्यातल्या एका घरातली आठवीतली मुलगी आली होती. घरात अंडेसुद्धा शिजत नसे. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीतला 'डुकराचा पट्टकृमी' हा शब्द वाचून आजोबांनी कागद बाकावर उपडा ठेवला आणि ते न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर अर्धा तास समजावण्यात गेला, तोही सगळ्यांसमोर. जंत कोणाच्या तरी पोटात होता, त्याची अंडी भाजीवरून आली असतील, एवढी दोन वाक्ये आधी बोलली असती तर ती वेळ आली नसती. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढणारा पालक आणि माठ आपण सगळ्यांनी लोकलच्या खिडकीतून पाहिलेला आहे, त्यामुळे हे कोणालाही पटते. नेमकी कोणत्या जुडीतून अंडी आली, हे मात्र शोधून सापडत नाही. संसर्ग आणि फीट यांत बहुधा काही वर्षे जातात. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेले ब्रिटिश सैनिक ज्यांत बहुसंख्य होते, अशा ४५० रुग्णांचा जुना अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला, त्यातही ही वर्षांची दरी स्पष्ट दिसली होती.

कागद हातात आल्यावर

सुरुवात यंत्रापासून न करता बाकावर बसलेल्या माणसांपासून करावी. ज्याला फीट आली त्याला स्वतःला काहीच आठवत नाही, म्हणून ती पाहणाऱ्याला गाठावे. दिवा स्टेशनच्या फलाटावर पडलेल्या तरुणासोबत आलेला मित्र आधी "एकदम आखडला हो, डोळे फिरवले" एवढेच सांगतो. पण "सगळ्यात आधी काय हलले?" असे विचारले, की तो क्षणभर थांबतो आणि स्वतःचा डावा हात झटकून दाखवतो. हाताच्या त्या एका झटक्यात अर्धा पत्ता असतो : फीट डाव्या हातापासून सुरू झाली असेल, तर उजव्या मेंदूच्या हालचालीच्या पट्ट्यात दुप्पट बारकाईने पाहायचे. हल्ली कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलेले असते, ते अवश्य पाहावे. कांदा हुंगवला, चप्पल नाकाशी धरली, हेही ऐकायला मिळते. त्यावर चिडू नये, मात्र शुद्ध नसताना तोंडात पाणी घातले होते का, हे तेवढ्यात विचारून घ्यावे, कारण ते फुप्फुसात गेले असेल तर छातीकडेही पाहावे लागते.

यानंतरचे प्रश्न थोडक्यात. याआधी फीट आली होती का? डोकेदुखी आणि उलट्या आहेत का, आणि मान एका बाजूला वळवली की एकदम चक्कर येऊन पडायला होते का? नजर धूसर झाली आहे का? ताप, घटलेले वजन, जुना खोकला, घरात कोणाला टीबी? एचआयव्हीची तपासणी झाली आहे का? घरात कोणाच्या शौचातून पांढरे, चपटे, फितीसारखे तुकडे पडतात का? हा शेवटचा प्रश्न विचारायला नवे डॉक्टर लाजतात, पण रुग्ण लाजत नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचे औषध, लागण्याची शक्यता असते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, आधीच्या इंजेक्शनची ॲलर्जी आणि स्त्री रुग्ण असल्यास गर्भधारणा यांचीही नोंद करावी. सगळी उत्तरे कागदाच्या मागच्या बाजूला लिहावीत. दोन तासांनी स्कॅन वाचणारा माणूस वेगळा असू शकतो.

टेबलावर घेताना

फीट चालू असताना स्कॅन करू नये. आधी ती थांबवावी, श्वास नीट आहे हे पाहावे आणि मगच रुग्णाला आत न्यावे. सक्शन, ऑक्सिजन आणि फीट थांबवण्याचे इंजेक्शन खोलीच्या दाराशी नव्हे, टेबलापाशी असावे. पट्टा बांधून रुग्णाला एकटे सोडून टेक्निशियन काचेआड गेला, की दुसरी फीट नेमकी तेव्हाच येते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे नजर पडद्यावर नव्हे, काचेतून माणसावर ठेवावी.

धातूच्या वस्तू काढण्याविषयी एक खास सूचना. मंगळसूत्र, जोडवी, कानातले हे सगळे नातेवाईक आपणहून काढून देतात. फीट आलेल्या माणसाच्या दंडाला मात्र बहुतेकदा ताजा ताईत बांधलेला असतो आणि कमरेच्या करगोट्यात एखादा लोखंडी मणी असतो, ते कोणीच सांगत नाही. डोक्याच्या सीटीला त्याचा अडथळा नाही, एमआरआयच्या खोलीत मात्र तो न्यायचा नाही. ताईत काढायला आईची ना असते. तो आईच्याच मुठीत ठेवायला द्यावा, मग ती तयार होते.

आधी साधा सीटी

पहिला स्कॅन बहुतेक ठिकाणी सीटीच असतो आणि ते योग्यच आहे : काही सेकंदांत होतो, रात्री-अपरात्री मिळतो, रक्तस्राव आणि पाणी साठलेला मेंदू तत्काळ दाखवतो. शिवाय या आजारात सीटीचे स्वतःचे असे काम आहे, ते म्हणजे मेलेल्या जंताचा खडा दाखवणे. त्यात एमआरआय त्याच्या मागे पडतो. डोक्याच्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. लहान मुलांत मात्रा वयाप्रमाणे कमी लावावी आणि उगाच पुन्हा पुन्हा स्कॅन करू नये.

वाचताना जाड काप पाहून थांबू नये. ५ मिलिमीटर जाडीच्या कापात २ ते ३ मिलिमीटरचा खडा आजूबाजूच्या मेंदूत मिसळून फिका पडतो आणि नजरेतून सुटतो, म्हणून १ मिलिमीटरच्या आसपासचे पातळ काप उघडावेत. आधी मेंदूची विंडो, मग हाडाची विंडो (विंडो म्हणजे पडद्यावरच्या करड्या छटांची मांडणी) असे दोनदा वर-खाली फिरावे. हाडाच्या विंडोमध्ये मेंदू करडा आणि सपाट दिसतो, त्यामुळे खडा एकटा चमकतो. संशयित ठिपक्यावर कर्सर ठेवून घनता मोजावी. सीटीत घनता मोजण्याच्या हाउन्सफील्ड युनिटमध्ये ती १०० च्या वर असेल तर ते कॅल्शियम समजावे, ताजे रक्त सहसा त्याच्या खाली राहते.

सर्वांत वरचे काप, टाळूखालचे, हे सगळ्यांत जास्त दुर्लक्षित असतात. याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. उमेदवारीच्या काळात एका तरुणाचा स्कॅन मी 'नॉर्मल' लिहून दिला. सात महिन्यांनी दुसरी फीट आल्यावर तो दुसऱ्या ठिकाणचा स्कॅन घेऊन आला. उजव्या बाजूला अगदी वरच्या टोकाशी, कवटीच्या आतल्या कडेला चिकटून, ३ मिलिमीटरचा खडा होता. माझ्याच जुन्या चित्रांत शोधला तर तिथेही होता, शेवटून दुसऱ्या कापात. कवटीच्या पांढऱ्या कडेला लागून असलेला पांढरा ठिपका मेंदूच्या विंडोमध्ये दिसतच नाही, हाडाच्या विंडोमध्ये मात्र वेगळा होतो. तेव्हापासून मी वाचन वरून खाली सुरू करतो.

उलट दिशेची चूकही होते. पिनियल ग्रंथी, कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतले पाणी तयार करणारा भाग), दोन अर्धगोलांमधला पडदा आणि मोठ्या वयात बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोलातले करडे भाग) येथे कॅल्शियम नैसर्गिकपणे साठते. त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. जंताचा खडा बहुधा करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर असतो, कारण रक्ताबरोबर वाहत आलेली अळी बारीक होत जाणाऱ्या वाहिन्यांत तिथे अडकते.

कॉन्ट्रास्ट कधी

साध्या सीटीत फक्त खडे असतील आणि आजूबाजूला सूज नसेल, तर कॉन्ट्रास्टची घाई नको. सूज दिसत असेल आणि तिच्या मध्यभागी काय आहे हे कळत नसेल, किंवा फीट एकाच अंगाची असून साधा सीटी स्वच्छ असेल, तर द्यावा. एमआरआय दुसऱ्या दिवशी होणारच असेल, तर कॉन्ट्रास्ट त्यासाठी राखून ठेवणे मला अधिक योग्य वाटते. सीटीत दिलाच तर इंजेक्शननंतर लगेच काप घेऊ नयेत, पाचेक मिनिटे थांबावे. बारीक गाठीची कड हळूहळू उजळते आणि घाई केलेल्या स्कॅनमध्ये ती अर्धवट राहते.

चार अवस्था

लेखाचा गाभा येथे आहे. मेंदूच्या गरात अडकलेली अळी चार अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेचे चित्र वेगळे असते.

पहिली अवस्था जिवंत अळीची. साधारण ५ ते २० मिलिमीटरची, पातळ भिंतीची, पाण्याने भरलेली गोल सिस्ट दिसते. आतले पाणी मेंदूभोवतीच्या पाण्याइतकेच स्वच्छ असते आणि आत एका बाजूला, भिंतीला लागून, २ ते ४ मिलिमीटरचा एक ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे स्कोलेक्स, कृमीचे डोके. फालुद्यात घालण्यासाठी पाण्यात भिजवलेला सब्जा डोळ्यांसमोर आणावा : पारदर्शक बुळबुळीत गोळा आणि आत एक बी. हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही. गंमत अशी, की या अवस्थेत आजूबाजूला सूज जवळपास नसते आणि कॉन्ट्रास्टही सहसा चढत नाही. जिवंत अळी शरीराच्या संरक्षणाला झुकांडी देऊन राहते, त्यामुळे कित्येकदा रुग्णाला काहीच होत नाही आणि सिस्ट दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये सापडते.

दुसऱ्या अवस्थेत अळी मरायला लागते आणि शरीराला तिचा सुगावा लागतो. आतले पाणी गढूळ होते. ते सीटीत किंचित घट्ट आणि एमआरआयच्या फ्लेअर (स्वच्छ पाणी काळे दाखवणाऱ्या) चित्रात पूर्ण काळे न होता करडे दिसते. भिंत जाड होते, कॉन्ट्रास्ट दिल्यावर अंगठीसारखी उजळते आणि भोवती सूज पसरते. फीट घेऊन आपल्याकडे येणारे बरेचसे रुग्ण याच किंवा याच्या पुढच्या टप्प्यावर असतात. म्हणजे त्रास जिवंत जंत देत नाही, मरणारा देतो, आणि खरे तर त्याच्याशी चाललेली शरीराची झुंज देते. औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवसांत फीट वाढू शकते, ती यामुळेच. म्हणून अल्बेंडाझोल या जंतनाशक औषधाच्या आधी, सूज आवरणारे स्टेरॉइड सुरू करतात.

तिसऱ्या अवस्थेत सिस्ट आक्रसते, पाणी संपते आणि लहानशी भरीव गाठ किंवा जाड कडा असलेली अंगठी उरते. सूज ओसरू लागते. भारतात सर्वाधिक चर्चा झालेले 'एकच लहान उजळणारी गाठ' हे सीटीचे चित्र बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या सीमेवरचे असते.

चौथी अवस्था खड्याची. जंत मेला, व्रण उरला, त्यात कॅल्शियम साठले. येथे जंतनाशक औषधाचा उपयोग नाही, कारण मारायला कोणी शिल्लक नाही. फीटचे औषध मात्र लागू शकते, आणि जुन्या खड्याभोवती मधूनच सूज येऊन फीट येते, असेही दिसते. त्यामुळे 'जुना खडा, महत्त्व नाही' असे रिपोर्टमध्ये कधीही लिहू नये.

एकाच मेंदूत चारही अवस्था एकाच वेळी सापडू शकतात. खरे म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या गाठी शेजारी शेजारी दिसणे हीच या आजाराची एक मोठी खूण आहे. अळ्या शेकड्यांनी असतील तर मेंदू चांदण्यांनी भरलेल्या आभाळासारखा दिसतो. अशा वेळी मोजदाद करत बसण्यापेक्षा एकूण सूज किती आहे हे आधी पाहावे. संपूर्ण मेंदू सुजलेला असताना जंतनाशक औषध दिले, तर एकदम मरणाऱ्या अळ्यांमुळे सूज आणखी वाढून रुग्ण दगावू शकतो. ही गोष्ट रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता फोनवर सांगायची असते.

एमआरआय कोणाचा आणि कोणत्या चित्रांसह

अमेरिकेतल्या संसर्गरोग आणि उष्णकटिबंधीय आजार यांच्या तज्ज्ञसंस्थांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचना संशयित रुग्णात एमआरआय आणि कॉन्ट्रास्टविना सीटी हे दोन्ही करावेत असे सांगतात, कारण दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्याकडे दोन्हींचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाला एका दिवसाचा रोज बुडणेही जड असते. म्हणून दुसरा स्कॅन कशासाठी हवा आहे, तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, हे आधी स्वतःला आणि मग त्याला सांगता आले पाहिजे.

एमआरआय तीन कारणांसाठी हवा असतो. सीटीत सिस्ट आहे पण स्कोलेक्स दिसत नाही, हे पहिले. गाठ जंताची की क्षयाची हा प्रश्न आहे, हे दुसरे. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत किंवा तळाच्या पाण्याच्या जागांत सिस्ट असण्याचा संशय आहे. या ठिकाणी सिस्ट आणि पाणी यांची घनता सारखीच असते, म्हणून सीटीत ती पाण्यात पाणी मिसळावे तशी नाहीशी होते. फक्त पोकळी थोडी फुगलेली किंवा वाकडी वाटते. चौथ्या पोकळीतली सिस्ट वाट अडवून मेंदूत अचानक पाणी तुंबवू शकते. मान वळवल्यावर कोसळणाऱ्या रुग्णाविषयी वर विचारायला सांगितले, ते यासाठीच. तळाच्या जागांतल्या सिस्ट द्राक्षांच्या घडासारख्या वाढतात आणि त्यांत स्कोलेक्स सहसा नसतोच, त्यामुळे 'डोके दिसले नाही म्हणून जंत नाही' हा निष्कर्ष तिथे चालत नाही.

टी-वन, टी-टू, फ्लेअर आणि डिफ्यूजन या एमआरआयच्या नेहमीच्या वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रांबरोबर पातळ कापांचे सिस किंवा फिएस्टा चित्र मागून घ्यावे. स्कोलेक्स आणि सिस्टची भिंत त्यात सर्वांत स्वच्छ दिसते. एसडब्ल्यूआय या, कॅल्शियम आणि रक्त टिपणाऱ्या एमआरआय चित्रात खडे काळे ठिपके म्हणून दिसतात, पण जुने रक्तही तसेच दिसते, तेव्हा सीटीची साक्ष घ्यावी. कॉन्ट्रास्टनंतरचे चित्र तीन दिशांत घ्यावे. मूत्रपिंडाचे काम फार कमी झालेले असेल तर गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचा कॉन्ट्रास्ट, देण्याआधी वरिष्ठांना विचारावे, आणि गर्भवतीला ते टाळावे.

जंत की क्षयाची गाठ

आपल्या भागात हा प्रश्न टाळून कोणताही रिपोर्ट पूर्ण होत नाही. दोन्ही आजार तरुणांत होतात, दोन्ही अंगठीसारखे उजळतात, दोन्हींत सूज असते. उपचारांत मात्र फार अंतर आहे : एकीकडे थोड्या दिवसांचे जंतनाशक, दुसरीकडे टीबीचा महिनोन्महिने चालणारा कोर्स.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील राजशेखर आणि चांडी यांनी एकाच लहान गाठीसाठी जे निकष मांडले, ते आजही नव्या माणसाला उत्तम हात देतात. फीट घेऊन आलेल्या रुग्णात गाठ एकच असावी, २० मिलिमीटरपेक्षा लहान असावी, मेंदूची मधली रेषा सरकवील इतकी सूज नसावी, डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणे किंवा वाढत जाणारा अशक्तपणा नसावा आणि शरीरात अन्यत्र सक्रिय आजार नसावा. हे सगळे जुळले, तर गाठ जंताची असण्याचा संभव फार मोठा. उलट गाठ २० मिलिमीटरहून मोठी, कड वेडीवाकडी, दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटलेल्या, मधली रेषा सरकलेली, तळाच्या आवरणांवर कॉन्ट्रास्ट चढलेला, अशा चित्रात क्षयाकडे कल जातो. टी-टू चित्रात घट्ट क्षयगाठीचा मध्य बहुधा काळसर असतो, जंताच्या सिस्टचा पांढरा. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतली रसायने मोजणाऱ्या एमआरआय तपासणीत, १.३ च्या जागी चरबीचे उंच शिखर दिसले, तर क्षयाचे पारडे जड होते. पण क्षयगाठीचा मध्य पातळ होऊन पांढरा दिसू शकतो आणि लहानशा गाठीत स्पेक्ट्रोस्कोपी नीट मिळत नाही, म्हणून कोणत्याही एका खुणेवर विसंबू नये. छातीचा एक्स-रे आठवणीने पाहावा. कित्येकदा डोक्यातल्या कोड्याचे उत्तर छातीत असते.

डिफ्यूजन चित्रात मध्यभाग लख्ख चमकला तर पू झाल्याचा विचार करावा. रुग्ण पन्नाशीपुढचा असेल तर दुसरीकडून आलेल्या कर्करोगाचा. एचआयव्ही असेल तर टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे आणखी एक परजीवी, यादीत वर येतो. त्याच्या गाठी बेसल गँग्लियाच्या भागात विशेष दिसतात.

रक्ततपासणी मदतीची आहे, निर्णायक नाही. रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या साध्या एलायझा चाचणीवर भिस्त ठेवू नये, असे वर उल्लेखलेल्या २०१८ च्या सूचनांतच म्हटले आहे. अधिक विश्वासार्ह मानलेली ईआयटीबी ही प्रतिपिंडांचीच दुसरी चाचणीसुद्धा एकच गाठ असलेल्या रुग्णात निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून २०१७ साली डेल ब्रुट्टो आणि सहकाऱ्यांनी सुधारलेल्या निदान-निकषांत सिस्टच्या आत निःसंशय दिसलेला स्कोलेक्स हा एकटाच निदान पक्के करायला पुरेसा धरला आहे. स्कोलेक्स शोधण्यासाठी दहा मिनिटे जास्त बसावे म्हणतो, ते याचसाठी.

डोळा आणि स्नायू

जंतनाशक सुरू होण्याआधी डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. डोळ्यातली अळी औषधाने मेली, तर त्या सुजेने दृष्टी जाऊ शकते. ही तपासणी रेडिओलॉजीची नाही, पण रिपोर्टच्या शेवटी ती सुचवण्याची सवय ठेवावी. मांडी किंवा दंड यांच्या एक्स-रेमध्ये स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने पडलेले तांदळाच्या दाण्यांसारखे खडे दिसले, तर संशयाला बळ मिळते. त्वचेखाली वाटाण्याएवढ्या गाठी लागत असतील, तर सोनोग्राफीत सिस्ट आणि स्कोलेक्स चक्क दिसतात.

रिपोर्टचा मजकूर

'उजव्या बाजूस अंगठीसारखी उजळणारी गाठ, क्षय किंवा सिस्टिसर्कोसिस, क्लिनिकली जुळवून पाहावे' असा रिपोर्ट पाठवणे म्हणजे आलेला प्रश्न तसाच परत पाठवणे. गाठी किती, कोठे, सर्वांत मोठी किती मिलिमीटरची, प्रत्येकीची अवस्था कोणती, स्कोलेक्स दिसला की नाही, सूज किती, पोकळ्या फुगल्या आहेत का, पाण्याच्या जागांत काही आहे का, हे सारे लिहावे. त्यानंतर आपला कल लिहावा आणि त्याचे कारणही. उदाहरणार्थ : 'उजव्या फ्रंटल भागात करड्या-पांढऱ्या सीमेवर ९ मिलिमीटरची एकच सिस्ट, आत एका कडेला स्कोलेक्स, भिंत उजळते, भोवती मध्यम सूज, मधली रेषा जागेवर, पोकळ्या नॉर्मल, मरू लागलेल्या अवस्थेतील न्यूरोसिस्टिसर्कोसिस.' हे वाचणाऱ्या न्यूरोलॉजिस्टला आपल्याला फोन करावा लागत नाही. औषधाचा डोस लिहिणे आपले काम नव्हे. अवस्था नेमकी लिहिली की त्याचे काम सोपे होते.

पुढचा स्कॅन

सिस्ट किंवा उजळणारी गाठ असेल, तर ती नाहीशी होईपर्यंत साधारण सहा-सहा महिन्यांनी एमआरआय सुचवतात. निदानाविषयी शंका असेल तर त्याआधीही करावा लागतो. जंताची गाठ दरम्यान आक्रसते किंवा खडा होते. वाढली, तर सगळा विचार नव्याने करायचा आणि क्षय, अन्य गाठ यांच्याकडे परत जायचे. तुलना करताना त्याच दिशेचे, त्याच जाडीचे काप शेजारी शेजारी ठेवावेत, नाहीतर ८ मिलिमीटरची गाठ कापाच्या तिरकेपणामुळे ११ ची भासते आणि घरभर घबराट होते. खडा राहिला आहे का, हे शेवटी एकदा साध्या सीटीवर पाहून नोंदवावे, कारण फीटची गोळी कधी बंद करायची हे ठरवताना न्यूरोलॉजिस्ट त्याचा विचार करतो.

घरातल्या माणसांची मलतपासणी सुचवावी. आतड्यात पट्टकृमी बाळगणारा माणूस त्याच स्वयंपाकघरात वावरत असू शकतो. एका नमुन्यात अंडी न मिळाल्याने तो सुटला असे होत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते.

आणि एक बारीकशी सवय. सहा महिन्यांत फिल्म गावी जाते, सीडी कपाटाच्या वर टाकली जाते आणि रुग्ण पुढच्या वेळी रिकाम्या हाताने येतो. रिपोर्ट देताना पाकिटाच्या दर्शनी बाजूला जाड मार्करने पुढच्या स्कॅनचा महिना आणि 'जुनी सीडी सोबत आणणे' एवढे शब्द मराठीत लिहून द्यावेत आणि ते पाकीट रुग्णाच्या नव्हे, त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या हातात द्यावे.